सगळेच लिफ्टमध्ये

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार (बसल्या जागेवरूनच घ्यावा, वाकलो तर कंबर तिथेच राहील, कारण पुढे येईल). तुमचा खोकला आणि थिएटरचा पंखा, दोघांचाही आवाज आता कमी झाला असेल. मामींना आठवण सांगा.

परवा तिकीट फाडताना तुम्ही म्हणालात, एवढा घोडा झालास आणि हा पोरकट सिनेमा पुन्हापुन्हा काय बघतोस. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण आत पडद्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या होत्या. आता देतो. गुडघ्याएवढ्याच उंचीवर उडणारा वीर (त्याला उंचीची भीती वाटते), वासावरून खोटं ओळखणारी पण बारमाही सर्दी असलेली बाई, आणि हात धरले तरच अदृश्य होणारे पण एकमेकांशी अबोला धरलेले जुळे भाऊ, अशी मंडळी मिळून शहर वाचवतात. याला जो पोरकट म्हणेल त्याला माणसं कळलेली नाहीत. (जुळ्यांचं भांडण सुरू झालं की प्रोजेक्टरच्या खोलीतून दरवेळी हसू कोणाचं येतं, हे मी विचारत नाही.)

त्यांचा नियम एकच, कोणालाही मागे ठेवायचं नाही. तो मी आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या टोळीलाही लावला. टोळी म्हणजे मी, वायरमन आणि वेल्डर. शनिवारी फोन आला की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि आत एक म्हातारे गृहस्थ आहेत. जाऊन पाहतो तर गृहस्थ म्हणजे आमचेच बाबा. त्यांच्या मास्तर मित्राकडे निघाले होते (आई गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडले, आणि नशीब बघा). आम्ही वर यंत्राच्या खोलीत गेलो, मेन स्विच बंद केला, वेल्डरने ब्रेक सैल करून धरला, मी हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. बिघाड शोधून दुरुस्तही केला. इथपर्यंत आमच्यासारखे आम्हीच.

उरली चाचणी. चाचणीच्या वेळी एकाने वर यंत्रापाशी थांबायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो आम्हा तिघांनाही बाबांनीच शिकवलेला. पाळी वेल्डरची होती. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, कोणालाही मागे ठेवायचं नाही, चल आत. बाबाही मोटरचा आवाज ऐकायला आतच थांबले. लिफ्ट अर्धा मजला चढली आणि थांबली. हत्यारांची पिशवी बाहेर राहिलेली. बाबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "वर कोण आहे?"

मग त्यांनीच ओरडून मास्तरांना आणि वॉचमनला वर पिटाळलं. मास्तरांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना संपेना आणि बाबांची नजर मला सोसवेना. म्हणून मी सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. वेल्डरने उडून दाखवलं (बाबांनी कॉलर धरून खाली आणला). वायरमन अगदी वेळेवर शिंकला. जुळ्यांच्या अबोल्यापाशी आलो आणि बाबा हसले. गालातल्या गालात नाही, भिंतीला टेकून, डोळे पुसत. मामा, ते हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण तेवढी जागा नव्हती.

बाबांनी आतून ओरडून सांगत सांगत मास्तरांकडून चाक फिरवून घेतलं आणि आम्ही सुटलो (तोवर वाकडं उभं राहून माझी कंबर धरली). बाहेर आल्यावर आमची जी हजेरी घेतली गेली ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. ती संपल्यावर बाबांनी हळूच विचारलं, जुळे शेवटी हात धरतात का? मी सांगितलं नाही.

लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर दोष कंबरेला द्यावा.

तुमचा भाचा

ता. क. शुक्रवारपासून सिनेमा बदलणार अशी पाटी तुमच्या दारावर पाहिली. हे सगळं पत्र त्यासाठीच. रविवारपर्यंत तो ठेवाच. बाबा येतो म्हणालेत. आईबरोबर बसायचे त्याच रांगेत दोन जागा धरा.

आणखी एक. दोन नको, तीन धरा. आत्ताच पत्र वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "त्यालाही खाली बोलव. अगदी बहिणीसारखा हसतो तो." प्रोजेक्टरची काळजी करू नका, तिथे वेल्डर थांबेल. एक माणूस वर लागतो, हे त्याला आता पटलंय.