मंगळवारची बाहुली आणि अलका सिस्टरांची नोटीस

प्रति,
मा. अधीक्षक,
तापीकाठ बाल रुग्णालय, बऱ्हाणपूर.

विषय : मंगळवारचा सराव बिघडवला म्हणून अलका सिस्टर यांना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.
संदर्भ : फलकावर लावलेली आपली नोटीस.

महोदय,

“रबराचं पोर दर मंगळवारी वाचतं, अन् आपला चहा दर मंगळवारी थंड होतो,” असे वंदना सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटल्या. चहा खरेच थंड होता. मी वॉर्डात डबे पोचवते, म्हणून सरावात आईचे काम मला दिलेले आहे.

दोन वॉर्ड एक झाल्यापासून, कामात सुधारणा व्हावी म्हणून, आपण हा सराव सुरू केला. श्वास अडकलेल्या मुलाच्या जागी बाहुली ठेवतात. सिस्टर छाती दाबतात, डॉक्टर ओरडून औषध मागतात. मी दाराशी उभे राहून रडायचे असते. मला रडू येत नाही, ते आपण चालवून घेता, त्याबद्दल आभारी आहे. बाहुली हमखास वाचते. टाळ्या होतात, मावा जलेबी येते.

माझा गोटू याच वॉर्डात होता. त्या दिवशी कोणी म्हणाले, “मशीन चालू है ना, बैठो.” कोणी म्हणाले, “मोठे डॉक्टर बोलतील.” मग एकीने त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मला वाटले, सुट्टी झाली. मी जैनाबादला घरी फोन केला, की खिचडी टाका, पोर उपाशी आहे. खिचडी शिजली. पुढे मला कोणी काही सांगितले नाही. मला आपोआप समजले, असे धरण्यात आले.

गेल्या मंगळवारी मी विनंती केली, की एकदा बाहुली वाचू नये, आणि मग आईला कसे सांगायचे त्याचाही सराव व्हावा. आपण म्हणालात, “मावशी, अशुभ बोलू नका.” डॉक्टर भिंतीकडे बघू लागले. वंदना सिस्टरांनी सरळ असलेली चादर सरळ केली. अलका सिस्टर नवीन आहेत, त्या उठून माझ्याकडे आल्या. सराव तिथेच थांबला, हे नोटिशीत खरे लिहिले आहे. जलेबी कोणी खाल्ली नाही, हे लिहायचे राहिले.

तरी नोटीस मागे घ्यावी, आणि हा सराव सगळ्यांकडून करून घ्यावा. आईचे काम मी करीन. सिस्टर काय बोलल्या ते नोटिशीत नाही, म्हणून इथे देते. त्या माझ्यासमोर फरशीवर बसल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “मावशी, तुमचा गोटू गेला. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही.”

उत्तराची वाट पाहणारी,
मनकर्णा निंबा महाजन
जैनाबाद
दि. १२ जुलै २०१९