पहिला कडू घोट

मोंतेविदेओ, ४ मार्च १९९६

ती. इदालिनामावशीस,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतल्या कवींना माद्रिदहून जे मोठं पारितोषिक देतात, त्यासाठी आमच्या प्रकाशनाने तुझं हस्तलिखित पाठवायचं ठरवलंय. काम माझ्याकडेच आलंय.

अडचण एकच. तुझी अर्धी ओळ स्पॅनिश, अर्धी पोर्तुगीज. तिकडचे लोक म्हणतील, ही कसली खिचडी? सगळं शुद्ध स्पॅनिशमध्ये करून दे ना. निदान ‘आईचं धुणं’ ही कविता तरी. रागावू नकोस.

तुझाच,
तितो

रिव्हेरा, ११ मार्च

चि. तितोस अनेक आशीर्वाद.

बसले होते, वाचून उठले. शहाण्या, ज्या भाषेत तू पहिल्यांदा जेवायला मागितलंस, ती आता खिचडी झाली? माझं दुकान सीमेवर, समोरचा फुटपाथ ब्राझीलचा. बटणं घ्यायला आलेली बाई एका भाषेत भाव विचारते आणि दुसरीत घासाघीस करते. तुझी आजी ओढ्यावर लोकांची धुणी धुताना याच भाषेत गायची. जग सोडून जाताना मला म्हणाली, दार उघडं ठेव, वारा येऊ दे. तेही याच भाषेत. ते वाक्य मी धुऊन पांढरं करणार नाही. पारितोषिक गेलं उडत!

पेरूची वडी पाठवतेय. सूनबाईसाठी, तुझ्यासाठी नव्हे.

माया आहेच,
मावशी

मोंतेविदेओ, २० जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पारितोषिक तुला मिळालं! ऑफिसात सगळे नाचले. मला मात्र तोंड दाखवायला जागा नाही. तुला न विचारता मीच सगळ्या कविता स्पॅनिशमध्ये करून पाठवल्या होत्या. परीक्षकांनी तुझ्या ‘निर्मळ भाषे’ची तारीफ केलीय. आता गप्प राहून पारितोषिक घे ना. कुणाला कळणार आहे? पाया पडतो.

तितो

रिव्हेरा, २७ जून

चि. तितोस आशीर्वाद, कानउघाडणीसकट.

पत्र वाचून रडले. रागाने रडले, आणि आनंदानेही. खोटं कशाला बोलू? हे पारितोषिक मला हवं होतं. अजूनही हवंय. पण माझ्या कवितांना मिळालं तर.

आपल्याकडे येर्बाच्या पानांचा चहा जो ओततो, पहिला कडू घोट त्यानेच प्यायचा असतो. तो पाहुण्याला देत नाहीत. हा चहा तू ओतलायस. मूळ कविता माद्रिदला पाठव आणि तुझी करणी स्वतःच्या सहीने कळव. ते नाही म्हणाले, तर मी नेहमीसारखं दुकान उघडेन.

शहाणपण येवो,
मावशी

मोंतेविदेओ, १५ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

घोट घेतला. फार कडू होता. आमच्या प्रकाशनाच्या साहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. माद्रिदने पारितोषिक परत घेतलं. दुसऱ्या कवीला दिलं. तुझ्यासाठी वाईट वाटतं, मावशी. खूप वाटतं.

साहेब नको म्हणाले, म्हणून एका मित्राच्या छापखान्यात तुझं पुस्तक मी स्वतः छापायला टाकलंय. तू लिहिलंस तसंच, एक अक्षरही न धुता. प्रुफं वाचताना आजीचा आवाज ऐकू आला.

पहिली प्रत घेऊन शनिवारच्या बसने येतोय. दार उघडं ठेव.

तुझा लाडका, अजून असलो तर,
तितो