सांजेची मेथी

आषाढ शुद्ध षष्ठी, गुरुवार. अकोला.

प्रवेश मिळाला! पण ती मेथीची जुडी काही डोक्यातून जात नाही.

सकाळी अमरावतीच्या कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, "अर्थशास्त्रच का?" आठवडाभर घोकलेलं सगळं भडाभडा म्हणून टाकलं. देशाची संपत्ती, व्यापार, उद्योग... साहेब खिडकीबाहेर पाहत होते. "हे पुस्तकातलं झालं. तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय?"

तोंडातून निघूनच गेलं, "माझी माय अकोल्यात जठारपेठेत भाजी विकते, साहेब. तीच मेथी, तीच जुडी. मंग सकाळचा भाव सांजच्याले काहून उतरते?"

'का' म्हणायचं सोडून घरचं 'काहून'! तेही त्यांच्यासमोर! कानशिलं तापली माझी. पण साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"कोमेजते म्हणून?"

"नाही साहेब, माय पाणी मारून ताजी ठेवते."

"मग कशामुळे?"

"तेच तर शिकायला आलो."

ते हसले आणि अर्जावर सही केली.

घरी येऊन मायला हे सगळं फुशारकीनं सांगितलं, तर ती मलाच हसली. "इतकं विचाराले अमरावतीले गेलता? मले नाई विचारलं? अरे, तू माह्याबिगर जेवत नाई. उपाशी बसून रायतं. म्हणून लवकर घरी याले सांजच्याले मांगतीन त्या भावात जुडी देऊन टाका लागते."

हे कारण कोणत्या पुस्तकात असेल? असेल तरी का?

आणि म्हणजे... मी अमरावतीला राहायला गेलो, की मायची मेथी सांजेलाही महागच राहील.