नव्या लॅबचं गाऱ्हाणं

९ जून
नवा अभ्यासक्रम आला. एआय सक्तीचा, परब सरांचा ‘संगणनाचे सिद्धान्त’ ऐच्छिक. तीस वर्षं दोघं एकाच विभागात. मी एआय मागायची, ते दर बैठकीत खोडायचे. “मॅडम, हे शास्त्र नव्हे, अंदाजपंचे.” आज त्यांनी अभ्यासक्रमाचा कागद चुरगाळून माझ्या टेबलावर फेकला. मी सरळ करून फाईलला लावला. बरं वाटलं. लपवत नाही.

१२ जून
एआयची लॅब सुरू. शिपाई बाबलने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या कामात जो कोण आडो येयत, तेका बाजूक सार रे म्हाराजा!” सगळे “होय म्हाराजा”. मी सर्वांत मोठ्याने, परबांकडे बघत. मुलं हसली.
“माका बाजूक सारतंस काय गो?” परबांनी नारळ उचलून माझ्यावर फेकला. माझी भुवई फुटली, मागचा मॉनिटरही. पाच टाके.

१३ जून
काल सगळं लिहिलं नाही. बाबल मुलांना बाहेर काढत होता. परब भानावर आले, खाली बसून काचा वेचू लागले. “रक्त पुसा, मॅडम.” मी कीबोर्ड उचलून त्यांच्या हातावर मारला. परत मारला. हाड मोडल्याचं ऐकू आलं, तरी आणखी एकदा. बाबलने परत येऊन मला धरलं. “बाई, सोडा! मरात तो!”
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

१४ जून
प्राचार्यांनी परबांविरुद्ध पोलीस तक्रारीचा मसुदा दिला. त्यात नारळ आहे, कीबोर्ड नाही; बोटं परब काचेवर पडल्यामुळे मोडली. त्यांची नोकरी जाणार, निवृत्तीला वर्ष असताना. “सही करा, विभागातली कटकट संपली.”
बाबल म्हणे, “माका काय्येक दिसाक नाय.” नजर मिळवली नाही.

१६ जून
परबांच्या घरी गेले. ओटीवर बसलेले, हात प्लास्टरमध्ये.
“कित्याक इलंस? सही कर. तुझा एआय जिंकला.”
“नारळ तुम्ही मारलात.”
“मारलंय. तसा पोलिसांका सांगतलंय पण. तू काय सांगतलंस?”
पाणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही.

१७ जून
एआयचा पहिला तास. भुवईवरची पट्टी बघून मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओरडून बंद केल्या.
उद्या दहाला हवालदार जबाबाला येणार. मसुद्यावर सही केलेली नाही, फाडलाही नाही. कोऱ्या कागदावर स्वतः लिहायला घेतलं. ‘नारळ फेकल्यावर परब सर काचा वेचायला खाली बसले. त्यानंतर मी’
इथवर झालं आहे.