रात्रीतून बॅटरी कोण पितंय

सोमवार, ३० ऑक्टोबर. सकाळी ७.१०
गाडी सुरू झाली नाही. बटण दाबलं की टक्-टक्-टक्, दिवे मंद, मग काळोख. मुलीच्या, दाओनच्या, प्रवेशपरीक्षेला सतरा दिवस उरलेत. मी घाबरलेलो नाही. बटण नऊ वेळा दाबलं ते केवळ खात्रीसाठी.

सकाळी ८.३०
विमा कंपनीचा प्यो नावाचा मेकॅनिक येऊन गेला. दुसरी बॅटरी जोडून दोन मिनिटांत गाडी सुरू. कारण सांगायला लागला, पण मी त्याला थांबवलं. बावीस वर्षं वॉनजू शहराच्या पाणीखात्यात मीटर तपासतोय. गळती कुठे आहे हे मला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. मग तो लिफ्टपाशी मिरानशी बराच वेळ बोलत होता. बायको म्हणून तिने ऐकून घेतलं असेल.

निश्चय: १६ तारखेला मुलीला परीक्षाकेंद्रावर मीच नेणार. ८.१० ला फाटक बंद होतं. माझ्या वेळी मी बस चुकल्यामुळे शेवटचा अर्धा मैल पळत गेलो होतो. पहिल्या पेपरातली अक्षरं तासभर हलत होती. त्या एका तासामुळे मी आज पाणीखात्यात आहे. दाओनच्या बाबतीत हे होऊ देणार नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर
बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड. सापडला रोग! गरम पाणी, खायचा सोडा आणि न्हाणीघरातला जुना टूथब्रश घेऊन लख्ख घासलं. ब्रश जुना नव्हता, दाओनचा होता. ती फक्त "बाबा" म्हणाली आणि दार लावून अभ्यासाला बसली.

गुरुवार, २ नोव्हेंबर
पुन्हा टक्-टक्-टक्.
प्योला बोलावलं. इंजिन चालू असताना मीटर लावून पाहिला: १४.२ व्होल्ट. म्हणजे गाडी चालताना बॅटरी व्यवस्थित भरते आणि उभी असताना रिकामी होते. उभ्या गाडीतली वीज कोणीतरी पितंय.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात जागा कमी, म्हणून गाड्यांपुढे गाड्या आडव्या लावाव्या लागतात. आडवी लावणाऱ्याने गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, हँडब्रेक सोडायचा, म्हणजे मागच्याला ढकलून आपली वाट करता येते. थोडक्यात, वीस घरांचे हात माझ्या गाडीला लागतात. याचा विचार मी बारा वर्षांत केला नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यावर बंपरवर ओरखडा दिसला तेव्हा केला, आणि त्याच संध्याकाळी काचेला कॅमेरा बसवून घेतला. गाडी उभी असली तरी चोवीस तास चालतो. बॅटरी उतरू लागली की कॅमेरा आपोआप बंद व्हावा अशी सोय दुकानदाराने करून दिली होती. ती मी घरी येऊन काढून टाकली. चोर यायचा तो कॅमेरा झोपल्यावरच.

शनिवार, ४ नोव्हेंबर
गळतीची शास्त्रशुद्ध तपासणी. महागाची वस्तू बिघडू नये म्हणून आधी कॅमेऱ्याची पिन काढून ठेवली. मग बॅटरीच्या तारेत मीटर जोडला. गळती जवळजवळ शून्य. एकेक फ्यूज काढून पाहिला. तरी शून्य. चार तास लागले. निष्कर्ष: गाडी निर्दोष आहे. म्हणजे हात बाहेरचा आहे.
कॅमेऱ्याची पिन परत लावली.
मिरान खाली कॉफी घेऊन आली होती. सावकाश होऊ द्या, घाई करू नका म्हणाली. संकटात बायको ओळखावी म्हणतात ते खोटं नाही. दाओन दिवसभर वाचनालयात.

सोमवार, ६ नोव्हेंबर
नवी बॅटरी घातली. विषय संपला.

गुरुवार, ९ नोव्हेंबर
विषय संपलेला नाही.
नवी बॅटरी तीन दिवसांत गार. घरात समुद्री शेवाळाचं सूप महिनाभर बंद आहे, कारण घसरणारं काही पोटात घेऊन परीक्षेला जायचं नसतं. आज टेबलावरून सफरचंद पडता पडता मी झेप घेऊन धरलं. दाओन दचकली. परीक्षेच्या काळात काहीही पडायला नको, पडणं म्हणजे नापास होणं, हे मी तिला समजावून सांगितलं. मग पुढच्या सात दिवसांच्या थंडीचा अंदाज वाचून दाखवला, फाटक किती वाजता बंद होतं त्याची आठवण करून दिली, झोप लागते का विचारलं. मिरान म्हणाली, "अहो, जरा खाली जाऊन गाडी बघून येता का?"
तिलाही काळजी आहे.

शनिवार, ११ नोव्हेंबर
दुसरा कॅमेरा. हा थेट बॉनेटवर रोखलेला.
सगळं चित्रण बसून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त नामगुंग मास्तर नऊ दिवसांत अकरा वेळा माझी गाडी ढकलताना दिसतात. ढकलण्याआधी गाडीपुढे किंचित मान झुकवतात. निष्पाप माणूस गाडीला नमस्कार कशाला करेल?
दाओन आजही सकाळपासून वाचनालयात. पोरगी मेहनती आहे.

सोमवार, १३ नोव्हेंबर
मास्तरांना लिफ्टमध्ये गाठलं. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण घाईत सरळच विचारलं. म्हणाले, "शिमसाहेब, माझी गाडी बाहेर निघावी म्हणून तुमची ढकलतो. तुमच्या बॅटरीचं मी काय लोणचं घालू?"
उत्तर तयारच होतं त्यांच्याकडे. याची नोंद घेतली.
गाडी आज सकाळी पुन्हा बंद. परीक्षा तीन दिवसांवर आली.

बुधवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४०
प्योने पुन्हा सुरू करून दिली. जाताना माझ्याकडे काहीतरी बोलायचं असल्यासारखा पाहत होता, मग वर आमच्या घराच्या दिशेने पाहून निघून गेला. मी अर्धा तास गाडी फिरवून बॅटरी भरली. आता अंतिम उपाय. कोणी पुढ्यात येऊन अडवायला नको म्हणून गाडी तळघरातून बाहेर नेणाऱ्या चढणीच्या तोंडाशीच आडवी लावली. गिअर पार्किंगमध्ये, हँडब्रेक वर. रिवाज मोडला, पण आता ती कोणाच्या बापाला हलणार नाही. दोन्ही कॅमेरे चालू.
उद्या ६.४५ ला प्रस्थान.

गुरुवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ५.५०
उणे चार अंश. टक्-टक् सुद्धा नाही. पूर्ण शांतता.

६.१०
गिअर न्यूट्रलमध्ये जात नाही. त्याला वीज लागते. विमा कंपनीची लाइन व्यस्त.

६.२५
माझ्या गाडीमागे पाच गाड्या अडकल्यात. सहा जणांनी मिळून ढकललं. नामगुंग मास्तरांनी आधी मान झुकवली. गाडी बोटभरही सरकली नाही.
पोलिसांना फोन केला, आजच्या दिवशी ते अडकलेल्या परीक्षार्थींना केंद्रावर पोचवतात. परीक्षार्थी अडकलाय म्हणालो. लगेच येतो म्हणाले.

६.४०
मला भीती वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही. बारा वर्षं ती शिकली आणि मी एक गाडी सुरू करू शकत नाही. वर जाऊन तिला काय सांगू? लिफ्टसमोर उभा आहे, बटण दाबवत नाही.

६.५२
वर गेलो. दाओनचे बूट दारात नव्हते. मिरान जवाचा चहा पीत बसली होती. म्हणाली, डबा घेऊन साडेसहालाच गेली, मैत्रिणीबरोबर, बसने. गेले तीन शनिवार दोघी त्याच बसने फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. बावीस मिनिटं लागतात.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
मग कळलं. तुमचा कॅमेराच बॅटरी पितोय, हे प्योने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पिन काढली की झालं. ते मला सांगायचं नाही म्हणून तिनेच त्याला बजावलं.
"तुम्ही वर असलात की ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघते," मिरान म्हणाली. "तुम्ही खाली असलात की अभ्यास करते. मी काय करायचं, तुम्हीच सांगा."
तिने माझ्यासाठी चहा ओतला.

७.०५
मोटारसायकलवरून आलेला पोलीस दारात. जास्तीचं हेल्मेट हातात. परीक्षार्थी कुठेय म्हणून विचारत होता. मागे जिन्यात नामगुंग मास्तर उभे. मी म्हणालो, गेली. तो म्हणाला, मग फोन कोणासाठी केला होता?
मिरानने त्याला एक संत्रं दिलं.

संध्याकाळी ६.१५
दाओन आली. पेपर बरे गेले म्हणाली, मांसाचं कालवण दोनदा मागून घेतलं, खूप दिवसांनी हसली. माझ्यावर राग नाही. गाडी मिळाली का बाहेर काढायला, एवढंच विचारलं. मिळाली. कॅमेऱ्यांच्या पिना काढल्या, प्योने बॅटरी जोडली, पहिल्या झटक्यात सुरू. अर्थात एकदा सुरू झाली म्हणजे प्योचं निदान बरोबर असं सिद्ध होत नाही.

७.००
निकाल आठ डिसेंबरला. बावीस दिवस. जेवताना मी सहज हिशेब करून दाखवला की किती गुण कमी पडले तर काय काय होऊ शकतं. दाओनने चमचा खाली ठेवला. घड्याळाकडे पाहिलं.
मी थांबलो. आपणहून उठलो. म्हणालो, जरा खाली जाऊन गाडी बघून येतो.
"या," दोघी एकदम म्हणाल्या.