आईचा कॉम्प्युटर शाळेत गेला

आई, तुझा कॉम्प्युटर शनिवारी देऊन टाकला. तू गेल्यापासून बारा वर्षं तो चामराजपुरमच्या घरात खिडकीखाली, तुझ्याच साडीच्या तुकड्याने झाकलेला होता. दर दिवाळीच्या साफसफाईत तुझी सून विचारायची, याचं काय करायचं? मी म्हणायचो, बघू.

तो आणला ते दिवस आठवतात. बाबा गेल्यावर तुला सांगलीहून इथे म्हैसूरला आणलं. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं; मी कंपनीच्या बसने हेब्बाळला कामावर गेलो की दिवसभर तुला बोलायला कोणी नसायचं, कन्नड तर येतच नव्हतं. तुझं मन रमावं म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि रविवारी शिकवायला बसलो. तू माउस हलवतेस, बाण स्क्रीनच्या कडेला जाऊन हरवतो. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मी माउस तुझ्या हातातून काढून घेतो आणि भराभर करून दाखवतो. तू हात मांडीवर ठेवतेस. "तुला अ काढायला शिकवताना मी पेन्सिल हिसकावून घेतली नव्हती," एवढंच म्हणून तू कुकर लावायला उठतेस. पुढच्या रविवारपासून मी हात पाठीमागे बांधून बसायला लागलो. वर्षभरात तू भाजीवालीकडून आणि शेजारच्या अज्जींकडून ऐकलेले कन्नड शब्द मराठी अर्थासकट टाइप करून ठेवलेस, पानंच्या पानं.

त्या यादीपायीच मी इतकी वर्षं अडून बसलो होतो. ऑफिसातले एक सहकारी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळांना देतात. ते घरी येऊन म्हणाले, मॉनिटर ई-कचऱ्यातच जाईल, बाकी चालण्यासारखं आहे. मग त्यांनी विचारलं, "यातलं सगळं पुसू ना?" मी एक दिवस मागून घेतला. यादी छापली, रात्री तुझ्या सुनेने ती मोठ्याने वाचली, आम्ही खूप हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, पुसा.

शनिवारी तो पोचवायला मीही गेलो. कृष्णराजनगरजवळ भाताच्या शेतांना लागून शाळा आहे. तिथल्या बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांचाही बाण स्क्रीनच्या कडेला जाऊन हरवत होता आणि दर चुकीला त्या माझी माफी मागत होत्या. मी हात मागे घेतले आणि म्हणालो, "निधान, टीचर, निधान." तुझ्या यादीत त्यापुढे लिहिलंय, 'सावकाश, घाई नाही.' अर्ध्या तासाने त्यांनी कन्नडमध्ये आपलं नाव टाइप केलं आणि वर्गातल्या मुलींना बघायला बोलावलं. परतताना बसमध्ये मला खूप बरं वाटत होतं.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकतो. शाळेच्या फॉर्मवर देणाऱ्याच्या जागी मी तुझं नाव लिहिलं आणि खाली तुझी सहीही केली. हुबेहूब जमली. हात बसलेला होता. सातवीच्या सहामाहीचं प्रगतिपुस्तक तू कधी पाहिलंच नव्हतंस.