बांधावर थांबलेला चेंडू

पोलादपूर, रविवार, १८ जानेवारी १९५९

शेजारचे अण्णा सांगतात की कालच्या सामन्यात पंच असूनही मी गोल पाहिला नाही. चूक. पाहिला आणि नाकारला. कापणी झालेल्या शेतात बांध हीच गोलरेषा होती आणि चेंडू बांधावर थांबला. रेषा मैदानातच धरतात. म्हणून गोल नाही. पण ज्याचे शेत, तो गोलरक्षक गणपतच म्हणाला, "मास्तर, अर्धा बांध माजा, अर्धा चुलत्याचा. चेंडू त्याच्याकडं हाय. गोल द्या."

"अरे, तू हरशील."

"हरू दे. नायतर चुलता बोलायचा नाय माज्याशी."

मी नियम सोडला नाही. सोडायला हवा होता का? आज चुलते दारात येऊन म्हणाले, "आख्खा बांध पुतण्याला दिलात?" बांधावरच्या चेंडूचा नियम त्यांना सांगताना मीच अडखळलो.

सामना: शनिवार, १७, अण्णा म्हणतात तसा शुक्रवारी नव्हे.
चुलते आले: रविवार, १८.
गणपतशी ते पुन्हा बोलले: तारीख अजून नाही.